छापील पान, मोबाईलचा पडदा आणि उद्याचे शिक्षक

शिक्षणाशिवाय समाजाची उन्नती नाही, हे आपण सभा-समारंभांतून नेहमी ऐकतो आणि ते खरेही आहे. परंतु शिक्षण देणारा शिक्षक स्वतः कसा घडतो, वर्गात उभे राहण्यापूर्वी तो काय शिकतो आणि कोणत्या साधनावर त्याचा विश्वास बसतो, ह्या प्रश्नांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आपल्या वस्तीतील आणि नात्यागोत्यातील अनेक मुले-मुली आज डी.एल.एड. व बी.एड.चे शिक्षण घेत आहेत. अशा विद्यार्थ्यांना अध्यापक विद्यालयात ‘छात्राध्यापक’ म्हणतात. म्हणजे एकाच वेळी छात्रही आणि अध्यापकही. उद्या हेच छात्राध्यापक शेकडो बालकांना लिहायला-वाचायला शिकवणार आहेत. भाषा शिकवण्यासाठी त्यांच्यासमोर आज दोन प्रकारचे साहित्य आहे. एक छापील, म्हणजे पाठ्यपुस्तक, वाचनपाठ, शब्दपट्ट्या, तक्ते. दुसरे डिजिटल, म्हणजे मोबाईलवरील ध्वनिफिती, चित्रफिती, पीडीएफ आणि निरनिराळी ॲप्स. ह्या दोहोंकडे छात्राध्यापक कोणत्या दृष्टीने पाहतात आणि ती दृष्टी तशी का बनली, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत कारकुनी करणारे आणि कला शाखेची पदवी घेतलेले एक सामान्य वाचक आहोत. संध्याकाळी संस्थेच्या अभ्यासिकेत बसतो. तेथे येणाऱ्या छात्राध्यापकांच्या पाठ टाचणांतील शुद्धलेखन तपासून देतो आणि त्या निमित्ताने त्यांचे बोलणे ऐकतो. जे ऐकले आणि त्या अनुषंगाने जे वाचले, तेवढेच येथे मांडले आहे.

दृष्टिकोन कशाने बनतो?

नवीन साधन माणूस का स्वीकारतो आणि का नाकारतो, ह्याचा अभ्यास अमेरिकन संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी केला. १९८९ साली त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा : माणूस मनाशी दोन प्रश्न विचारतो. ह्या साधनाचा माझ्या कामाला उपयोग होईल काय? आणि ते वापरणे मला सोपे जाईल काय? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर साधन स्वीकारले जाते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. साधन प्रत्यक्षात किती उपयोगी आहे ह्यापेक्षा ते माणसाला किती उपयोगी ‘वाटते’, ह्यावर सारे अवलंबून असते.

आमच्या बँकेतील अनुभव ह्याहून वेगळा नाही. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा शाखेत जाडजूड लेजर होती. पुढे सर्व शाखा एका संगणकीय जाळ्याला जोडल्या गेल्या, तेव्हा ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी कित्येकांनी कपाळाला हात लावला. वर्षभरात तेच सहकारी संगणकाशिवाय पानही हलू देईनात. परंतु काउंटरच्या पलीकडचे दृश्य मात्र वेगळेच राहिले. आजही अनेक खातेदार मोबाईलवर शिल्लक पाहून शाखेत येतात आणि पासबुक पुढे सरकवतात. आकडा तोच असतो. पण तो कागदावर उमटला की त्यांना खात्री वाटते. माणसाचा कागदावरील हा विश्वास एका दिवसात जात नाही आणि त्यात हसण्यासारखेही काही नाही.

तरुण म्हणजे मोबाईलप्रेमी?

आजची पिढी मोबाईल हातात घेऊनच जन्मली आहे, तेव्हा तिला पुस्तक नकोच असणार, असे आपण गृहीत धरतो. २००१ साली मार्क प्रेन्स्की ह्या लेखकाने ह्या पिढीला ‘डिजिटल युगाचे मूळ रहिवासी’ अशा अर्थाचे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. परंतु पुढील संशोधनातून वेगळे चित्र समोर आले. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ नाओमी बॅरन यांनी अमेरिका, जपान, जर्मनी, स्लोव्हाकिया आणि भारत ह्या पाच देशांतील चारशेहून अधिक विद्यापीठीय विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. कोणत्या माध्यमात तुमचे लक्ष सर्वांत चांगले लागते, ह्या प्रश्नाला ९२ टक्के विद्यार्थ्यांनी ‘छापील’ असे उत्तर दिले. हे विद्यार्थी काही छात्राध्यापक नव्हते. परंतु वय तेच आणि हातातील मोबाईलही तोच, म्हणून हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

आमच्या अभ्यासिकेतील अनुभवही असाच आहे. अध्यापक विद्यालयातून त्यांना नोट्स मोबाईलवर येतात आणि परीक्षा जवळ आली की हीच मुले कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या छापील प्रती काढण्यासाठी रांग लावतात. “मोबाईलवर वाचलं की डोक्यात राहत नाही हो काका,” असे एकाने सांगितले. दुसरा म्हणाला, “वाचायला घेतो आणि अर्ध्या तासाने बघतो तर भलतंच काही पाहत बसलेलो असतो.”

ह्या मतामागे एक विशेष कारण आहे. आज अध्यापक विद्यालयात शिकणारी पुष्कळ मुले-मुली २०२० साली माध्यमिक शाळेत होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम राज्यात चालला. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. प्रयत्न झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तीन भावंडांत एक मोबाईल, तोही वडील कामावरून परत आल्यावर मिळणारा, आणि गच्चीवर गेल्याशिवाय नेटवर्क नाही, असा तो काळ आपल्यापैकी अनेकांच्या घरांनी पाहिला आहे. डिजिटल शिक्षण म्हणजे काय, हे ह्या मुलांनी आधी विद्यार्थी म्हणून भोगले आहे. आज शिक्षक होताना त्यांच्या मनात जो संकोच दिसतो तो मागासलेपणाचा नाही. तो अनुभवातून आलेला आहे.

वाचता न येणारी कविता

अभ्यासिकेतील एका छात्राध्यापिकेची हकीकत येथे सांगणे उचित होईल. सराव पाठासाठी तिला दुसरीचा वर्ग मिळाला होता. विषय मराठी, घटक कविता. तिने मेहनत घेऊन कवितेची चित्रफीत शोधली, मैत्रिणीकडून लहान स्पीकर आणला आणि पाठ घेतला. मुले खूश झाली. तिसऱ्या वेळी साऱ्या वर्गाने चालीवर कविता म्हटली. निरीक्षण करणाऱ्या प्राध्यापकांनी वहीत चांगला शेरा लिहिला. पाठ संपायला चार-पाच मिनिटे उरली होती, म्हणून तिने मुलांना पुस्तक उघडायला सांगितले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितले. एक मुलगा उभा राहिला. त्याने बोट पहिल्या ओळीवर ठेवले आणि तोंडाने तिसरी ओळ म्हटली. दुसऱ्या मुलीने बोट नुसतेच फिरवले. कविता साऱ्या वर्गाची पाठ झाली होती. वाचता मात्र दोघा-तिघांनाच येत होती.

त्या संध्याकाळी ती अभ्यासिकेत आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, “काका, मला वाटलं त्यांना आलं. सरांनाही तसंच वाटलं. पुस्तक उघडलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं.”

आम्हाला ह्या प्रसंगाचे महत्त्व मोठे वाटते. चांगला शेरा मिळालेला पाठ स्वतःच तपासून पाहण्याचे धैर्य ह्या मुलीने दाखवले. आणि तिच्या त्या एका वाक्यात ह्या विषयाचे सारे मर्म आलेले आहे. पडद्यामुळे ‘आले’ असे वाटते. ते खरोखर आले की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

छापील साहित्याचे बळ

हे केवळ एका वर्गापुरते नाही. इस्राएलमधील संशोधक राकेफेत ॲकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना तोच मजकूर काहींना कागदावर आणि काहींना पडद्यावर अभ्यासायला दिला. वेळ ठरवून दिला तेव्हा दोघांत विशेष फरक पडला नाही. परंतु किती वेळ अभ्यास करायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे होते, तेव्हा पडद्यावर वाचणारे मागे पडले. आपल्याला समजले आहे असा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त होता.

२०१८ साली स्पेनमधील पाब्लो डेल्गादो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ ह्या काळातील ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्या अभ्यासांत मिळून १,७०,००० हून अधिक वाचक होते. निष्कर्ष असा निघाला की, माहितीपर मजकूर असेल आणि वेळेचे बंधन असेल तर कागदावर वाचलेले अधिक चांगले समजते. केवळ गोष्टीरूप मजकुराच्या बाबतीत असा फरक आढळला नाही. विशेष म्हणजे, वर्षे जातील तसा हा फरक कमी होईल अशी अपेक्षा होती, परंतु तो वाढत गेलेला दिसला. पडद्याची सवय झाली की पडद्यावर समजही वाढते, असे म्हणता येत नाही.

ह्याचे कारण साधे असावे. पुस्तकाला जागा असते. अमुक धडा डाव्या पानावर, चित्राच्या खाली होता, हे आपल्याला आठवते. पडद्यावरचा मजकूर वर सरकतो आणि नाहीसा होतो. लहान मूल तर बोट ठेवून वाचते. बोट आणि डोळा बरोबर चालले म्हणजे अक्षर व उच्चार ह्यांची गाठ बसते. काचेवर बोट ठेवले की पान उडते!

आपल्याकडे छापील साहित्याला आणखी एक महत्त्व आहे, ते समतेचे. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपल्या ‘बालभारती’ची पुस्तके राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना ती मोफत मिळतात. ज्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नाही, त्या घरात येणारे पहिले पुस्तक बहुधा हेच असते. ते रात्री वीज गेली तरी कंदिलाच्या उजेडात उघडता येते, धाकट्या बहिणीला देता येते. त्याचे चार्जिंग संपत नाही.

अर्थात छापील पुस्तक म्हणजे परिपूर्ण, असेही नाही. २०२३-२४ पासून काही इयत्तांच्या पुस्तकांत मुलांना लिहिण्यासाठी कोरी पाने घालण्यात आली आणि २०२५ मध्ये ती पद्धत बंद करण्याचा निर्णय झाला. पुस्तक कसे असावे ह्याचा शोध छापील जगातही चालूच आहे. आणि काही गोष्टी अशा आहेत की त्या कागदाला कधीच साधणार नाहीत.

जे कागदाला जमत नाही

त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे आवाज. आपल्या मराठीत च, ज, झ ह्या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’ म्हणताना च वेगळा, ‘चमचे’ म्हणताना शेवटचा च वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. लिहिताना दोन्ही सारखेच, बोलताना भिन्न. ज्याची घरची भाषा मराठी आहे त्याला हे आपोआप येते. परंतु ज्या मुलाच्या घरी गोंडी, पावरी, कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते, त्याला छापील पान हा भेद कसा सांगणार? तेथे ध्वनिफीतच उपयोगी पडते.

इंग्रजीची अडचण तर ह्याहून मोठी आहे. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. परंतु शिकवणाऱ्याचेच उच्चार कच्चे असतील तर काय करावे? आपल्याकडील बहुतेक छात्राध्यापक मराठी माध्यमातून आलेले आहेत. वर्गात इंग्रजी बोलायची त्यांना भीती वाटते. ती भीती चारचौघांत कबूल करायची त्याहून भीती वाटते. अशा मुलांना मोबाईल हा खाजगी शिक्षक ठरला आहे. एक छात्राध्यापक आम्हाला म्हणाला, “शब्द वीस वेळा ऐकतो. मोबाईल हसत नाही.” पुस्तकाच्या बाजूने कितीही बोललो तरी हा उपकार विसरता येणार नाही.

दुसरे म्हणजे, स्वतःचा आवाज परत ऐकण्याची सोय. वर्गात गोष्ट सांगण्यापूर्वी ती ध्वनिमुद्रित करून ऐकली तर आपण कोठे घाई करतो, कोठे वाक्य तोडतो हे कळते. तिसरे म्हणजे ग्रंथसंग्रह. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झाले. त्याचे जुने अंक आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. आडगावच्या शाळेत जेथे ग्रंथालय म्हणजे एक कुलूपबंद कपाट असते, तेथे ही मोठीच सोय आहे. चौथे म्हणजे, दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ऐकता येणारे पुस्तक. ह्याला तर पर्याय नाही.

लिपीचा एक अडसर

डिजिटल साहित्य वापरताना मराठीच्या छात्राध्यापकांना एक अडचण येते, तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. ती म्हणजे अक्षराचे वळण. मराठी लिपीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावा, असे राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ मधील वर्णमालेविषयीच्या निर्णयात सांगितले आहे. पाठ्यपुस्तकात मूल तोच ‘ल’ गिरवते. परंतु अनेक मोबाईलवर आणि ॲप्समध्ये उभ्या दंडाचा, हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो. मोठ्या माणसाला दोन्ही वाचता येतात. पहिलीतील मुलाला मात्र ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. ‘बाई, हे कोणतं अक्षर?’ असे मुलाने विचारले म्हणजे छात्राध्यापिकेची पंचाईत होते.

तसेच ‘ऱ्य’चे आहे. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोलगट भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. मोबाईलवर टंकलेखन करताना पहिले रूप कोठे सापडते हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून स्वाध्यायपत्रिकेत डोंगराच्या जागी समुद्र येतो. आम्ही तपासलेल्या टाचणांत ही चूक वारंवार दिसली. दोष मुलांचा नाही, त्यांना ते कोणी शिकवलेले नसते. संगणकाचा विषय अभ्यासक्रमात असतो, पण आपल्या लिपीचे संगणकावरील लेखन कसे करावे, ह्यावर फार थोडा वेळ दिला जातो.

गुणांसाठी मोबाईल

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी बहुतेकांनी एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली. स्वतःच्या अभ्यासासाठी ते छापील साहित्य पसंत करतात, परंतु सराव पाठात डिजिटल साहित्य दाखवतात. ‘का?’ असे विचारले तर उत्तर येते, “तंत्रज्ञान वापरलं की पाठ चांगला दिसतो.” म्हणजे स्वतःला जे उपयोगी वाटते ते एक आणि मुलांना जे देतो ते दुसरे. ह्यात छात्राध्यापकाची लबाडी नाही. पाठात काय दाखवले ते चटकन दिसते आणि त्यातून मुलांना काय आले ते दिसायला वेळ लागतो. निरीक्षणाच्या अर्ध्या-पाऊण तासात दिसणाऱ्या गोष्टीलाच गुण मिळतात, एवढेच.

२००६ साली पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर ह्या अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी शिक्षकाला लागणाऱ्या ज्ञानाचे तीन घटक सांगितले : विषयाचे ज्ञान, शिकवण्याच्या पद्धतीचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान. त्यांचे म्हणणे असे की, हे तीन घटक सुटे-सुटे असून भागत नाही, ते एकमेकांत मिसळले पाहिजेत. वर सांगितलेल्या छात्राध्यापिकेला कविता माहीत होती आणि स्पीकरही लावता येत होता. परंतु कविता ‘म्हणणे’ आणि कविता ‘वाचणे’ ह्यांपैकी आज मला काय शिकवायचे आहे आणि त्याला कोणते साधन लागेल, हा प्रश्न तिला कोणी विचारायला शिकवले नव्हते. तो तिने स्वतः शोधला.

दोहोंची सांगड

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा पाठ घेतला. ह्या वेळी आधी पुस्तक उघडले. ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचन झाले. मग कवितेच्या ओळींच्या हाताने लिहिलेल्या पट्ट्या मिसळून दिल्या आणि मुलांनी त्या क्रमाने लावल्या. ध्वनिफीत सर्वांत शेवटी लावली आणि ती ऐकताना प्रत्येकाचे बोट पुस्तकातील ओळीवर राहील ह्याकडे लक्ष दिले. सगळा वर्ग वाचू लागला असे नाही. परंतु आधी नुसते बोट फिरवणारी मुलगी दोन ओळी अडखळत का होईना, वाचू शकली. ह्या पाठाला काय शेरा मिळाला, हे आम्ही विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

ही सांगड आपल्या राज्याला नवी नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील धड्यांना क्यूआर संकेत जोडले, म्हणजे पुस्तकातील खुणेवर मोबाईल धरला की त्या धड्याची ध्वनिफीत किंवा चित्रफीत सुरू होते. त्यांच्या शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून ते ती भाषाही शिकले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही पुढे असे संकेत आले. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीक्षा’ ह्या व्यासपीठाशी ते जोडलेले आहेत. ह्या योजनेत पुस्तक मूळ जागी राहते आणि मोबाईल त्याच्या मदतीला येतो. पुस्तक हातात असलेल्या मुलाचे मोबाईलवाचून अडत नाही, आणि मोबाईल मिळाला तर त्याला जास्तीचे काही मिळते.

परदेशाकडे पाहून निर्णय घेण्याचीही आपल्याकडे सवय आहे. स्वीडन सरकारने २०२३ साली शाळांतील छापील पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर इतकी रक्कम ठेवली, तेव्हा ‘बघा, ते पुस्तकांकडे परत चालले’ असे म्हटले गेले. परंतु त्यांच्या मुलांच्या हाती दोन्ही साधने होती आणि त्यांनी त्यांतून निवड केली. आपल्या अनेक मुलांच्या हाती अजून एकही साधन पुरेसे नाही. ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांचा निर्णय आपण उसना घेऊन चालणार नाही.

छात्राध्यापकांसाठी काही सूचना

आपल्या विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आम्ही क्रमाने मांडतो.

(१) पाठ टाचण लिहिताना साहित्याचे नाव लिहिण्याआधी काम लिहावे. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे, ह्यांपैकी आज काय शिकवायचे आहे? उच्चार असेल तर ध्वनिफीत घ्यावी. वाचन असेल तर पान उघडावे.

(२) पडद्यावर जे दाखवले त्याची परीक्षा पडदा बंद करून घ्यावी. शेवटची पाच मिनिटे पुस्तकासाठी राखून ठेवावीत.

(३) लहान इयत्तांना काही दाखवण्यापूर्वी त्यातील ‘ल’ व ‘श’ची वळणे पाठ्यपुस्तकाप्रमाणे आहेत ना, हे पाहावे. नसतील तर ती पट्टी हाताने लिहावी. सुंदर हस्ताक्षराला अजून तोड नाही.

(४) मुलांना घरी करण्यासाठी मोबाईलवरचे काम देताना वर्गातील सर्वांत गरीब मुलाचे घर डोळ्यांसमोर आणावे. त्याला जे करता येणार नाही ते सक्तीचे करू नये.

(५) स्वतःच्या इंग्रजी उच्चारांसाठी मोबाईलचा भरपूर उपयोग करावा. त्यात कमीपणा मानू नये.

(६) स्वतः जे मनापासून उपयोगी मानतो तेच मुलांना द्यावे. गुण दोन वर्षांचे असतात, वर्ग पुढची तीस वर्षे असतो.

संस्थेचे कर्तव्य

शेवटी सभासद बंधू-भगिनींना विनंती. आपण अभ्यासिकेला टेबल-खुर्च्या दिल्या, वीजबिल भरतो, हे निश्चितच अभिमानास्पद आहे. ह्यापुढे दोन गोष्टी करता येतील. पहिली, छात्राध्यापकांना लागणारे साहित्य माफक दरात छापून घेता यावे म्हणून एक साधा प्रिंटर आणि पहिली ते आठवीच्या भाषेच्या पुस्तकांचा एक संच अभ्यासिकेत असावा. मुलांच्या घरी पडून असलेली जुनी पुस्तके आणून दिली तरी हा संच सहज पुरा होईल. दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. आपल्या वस्तीत विदर्भातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेली वृद्ध मंडळी आहेत. त्यांच्या तोंडी त्यांच्या त्यांच्या बोलीतील गोष्टी, जात्यावरची गाणी, उखाणे, म्हणी आहेत. छात्राध्यापकांनी त्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात, ऐकून कागदावर उतरवाव्यात आणि त्यांचे लहान वाचनपाठ तयार करावेत. ऐकायला आजीचा आवाज आणि वाचायला त्याचेच छापील पान, असे साहित्य कोणत्याही ॲपवर विकत मिळणार नाही. असे साहित्य मुलांच्या आवडीचेही ठरेल.

ती छात्राध्यापिका ह्या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण करील. नोकरी केव्हा आणि कोठे मिळेल, हे आज सांगता येत नाही. परंतु ती ज्या वर्गात जाईल त्या वर्गातील मुलांना पुस्तक उघडावे लागेल, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो. अशा मुला-मुलींच्या पाठीशी उभे राहणे, हे आपले काम आहे.